वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
मला मात्र त्याचेच पैसे मिळतात.

सकाळी हेस्टर गॅरडने पाव दिला, खारट लोणी,
परसातल्या आंबट प्लमचा मुरंबा.
तो खाऊन शिडी लावली
आणि बॅटरी दातांत धरून आढ्याखाली शिरलो.

सफोकच्या सपाट मुलखात, चिखल आणि बार्लीच्या मधे
हे घर उभं आहे,
म्हणजे खरं तर बसायला निघालं आहे,
गाय बसते तसं, आधी पुढचे गुडघे,
आणि पाचशे वर्षं तेवढ्यावरच थांबलं आहे.

ओक ओला असतानाच तासला, ओलाच जोडला.
एक खिळा नाही, नुसत्या लाकडी खुंट्या.
वाळता वाळता लाकूड पिळत गेलं
आणि प्रत्येक सांधा आवळत गेला.
घर फिरलं की वासे फिरतात, हे इथे उलटं:
आधी वासे फिरले,
मग घर, कुणाला कळू न देता,
त्यांच्या मागोमाग गेलं.

भिंती कुडाच्या. हेझलच्या फोका विणून
वर माती, शेण, चिरलेला पेंढा.
जिन्यामागे एक पोपडा सुटलाय
तिथे लिंपणाऱ्याची बोटं दिसतात. चार. अंगठा नाही.
माझी चार त्यांवर ठेवून पाहिली.
माझी मोठी पडली.

वर सगळं काळं.
तेव्हा धुराडं नव्हतं. मधोमध जमिनीवर आग,
आणि धूर आपली वाट आपण शोधत
छपराच्या गवतातून बाहेर.
ती काजळी अजून बोटाला लागते.
पुढे विटा परवडणारा कुणी जन्मला,
त्याने धुराडं बांधलं, माळा घातला,
आणि या घरात पहिल्यांदाच
रुसून जायला वरची खोली झाली.

आणि आकडे.
प्रत्येक वाशाच्या कुसवाजवळ पटाशीने पाडलेले,
रोमी, तिरपे, घाईचे.
आधी अंगणात आडवं जुळवलेलं घर
उभं करताना चुकू नये म्हणून.
मी मोजत गेलो. सहा. सात. नऊ.
मागे आलो. सहा, सात, नऊ, नऊ.
आठ नाहीच.
एक रेघ जास्त पडली होती, एवढंच.
उजेड गेला असेल. कुणी हाक मारली असेल.
बोटं गारठली असतील.
तरी दोन्ही नऊ आपापल्या खाचेत घट्ट बसलेत,
म्हणजे त्याला माहीत होतं
कुठला खरा.

खाली येऊन हेस्टरला सांगितलं.
ती बटाटे सोलत होती. सोलत राहिली.
"रिपोर्टात लिहू नकोस," म्हणाली. "बिचारा."

तिच्या खाटेचे चढाकडचे दोन पाय
क्लेमंटने लग्नाच्याच आठवड्यात कापले, दोन-दोन इंच.
टेबलाखाली पाचर, कपाटाखाली पाचर.
वाटाणे सांडले की शोधायचे नाहीत,
सरळ खिडकीखाली हात घालायचा.

सप्टेंबरात ती स्टोमार्केटला जाईल,
लेकीने पाहिलेल्या फ्लॅटमधे. लिफ्ट आहे. खाट नेणार म्हणते.
"तिथली जमीन सपाट आहे का रे?"
अगदी सपाट, मी म्हटलं.
आखूड पायांखाली ठोकळे करून देतो, ओकचेच.

"दे की. पण खाटेचं नाही म्हणत मी.
रात्री उठले की पाय उताराला लागतात,
कळतं, खिडकी पुढे, दार मागे.
सपाटावर, अंधारात,
मी कुणीकडे तोंड करून उभी आहे
हे मला सांगणार कोण?"

बटाट्याची सालं तिने बादलीत टाकली.
मी वही उघडली, वाशांचा रकाना काढला,
आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:
सहा, सात, आठ, नऊ.